दाताचा एक्सरे काढायला सांगितलाय? मग हे वाचून जा

"एक एक्सरे काढून बघूया" असं डॉक्टर म्हणाले की खुर्चीतली माणसं दोन प्रकारची होतात, बरीच वर्षं ते मशीन चालवलंय मी त्यामुळे आता चेहरे पाठ झालेत. एक जण म्हणतो काढा काय काढायचं ते, माझी दाढ तेवढी थांबवा. दुसरा गप्प बसतो पण कपाळावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे उगाच काढतायत का, आणि याने कॅन्सर बिन्सर होत नाही ना. दोघांपैकी कोणीही विचारत नाही ते म्हणजे "या फोटोत तुम्ही नक्की काय बघणार आहात?" आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हाच प्रश्न कामाचा आहे.

कारण एक्सरे म्हणजे शेवटी सावली आहे. एका बाजूने किरण सोडायचे, दुसऱ्या बाजूला सेन्सर किंवा फिल्म, मधे जे घट्ट आहे ते किरण अडवतं म्हणून पांढरं दिसतं आणि जे पोकळ किंवा मऊ आहे त्यातून किरण आरपार जातात म्हणून ते काळं. बस एवढंच. भिंतीवरच्या सावलीवरून माणूस ओळखता येतो पण त्याच्या शर्टाचा रंग नाही ना कळत, तसं आहे हे, आणि सावली कुठल्या बाजूने पाडली त्यावर काय दिसणार ते ठरतं. म्हणून दातांच्या एक्सरेत इतके प्रकार.

कुठला एक्सरे, कशासाठी

एकाच दाताचा त्रास असेल, ठणका असेल, रूट कॅनल करायचं असेल तर तोंडात छोटा सेन्सर ठेवून काढतात तो एक्सरे, त्याला आयओपीए म्हणतात. यात दोनतीन दात येतात पण पूर्ण, वरच्या टोकापासून मुळाच्या टोकापर्यंत, आणि मुळाखालचं थोडं हाडसुद्धा. मुळाचं टोक कापलं गेलं असेल तर तो फोटो अर्धा वाया गेला असं समजा, कारण बहुतेक वेळा भानगड तिथेच असते. आणि एक गोंधळ इथेच मिटवून टाकतो, बरेच जण म्हणतात "मला आरव्हीजी काढायला सांगितलंय, एक्सरे नको", तर आरव्हीजी हा वेगळा एक्सरे नाहीये, तोच छोटा एक्सरे पण फिल्मऐवजी डिजिटल सेन्सरवर काढलेला. १९८० च्या दशकात हे तंत्र आलं आणि ते नावच लोकांच्या तोंडी बसलं.

दोन दातांच्या फटीत कीड आहे का हे बघायचं असेल तर बाइटविंग. यात तुम्ही एक छोटी पट्टी दातांत धरता आणि वरच्या खालच्या दोन्ही दाढांचे माथे एकाच फोटोत येतात. मुळांची टोकं यात दिसत नाहीत, त्यासाठी हा नसतोच. पण फटीतली कीड आरशाने दिसत नाही, डॉक्टर कितीही हुशार असले तरी दोन दात एकमेकांना चिकटलेत तिथे नजर पोचत नाही, आणि बाइटविंगमधे ती एका छोट्या काळ्या त्रिकोणासारखी दिसते. शिवाय दातांमधलं हाड किती खाली गेलंय तेही यात नीट कळतं, त्यामुळे हिरड्यांच्या आजारासाठीपण हा चांगला. माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालेला एक्सरे.

ओपीजी म्हणजे तो मोठा, मशीन डोक्याभोवती फिरतं तो. दोन्ही जबडे, सगळे दात, अक्कलदाढा, सायनसचा म्हणजे गालामागच्या हवेच्या पोकळीचा खालचा भाग, जबड्याचे सांधे, सगळं एका लांबट फोटोत. अक्कलदाढ काढायची आहे, मुलाला तारा लावायच्या आहेत, पक्का दात येतच नाहीये, जबड्याला मार लागलाय, अशा वेळी हा. लोकांना वाटतं की सगळं दिसतंय म्हणजे हा सगळ्यात भारी, तसं नाही. लांबून अख्खं गाव दिसतं पण घराची कडी लावलीय का ते नाही दिसत. बारीक कीड यात चुकते, सुळ्यामागच्या दातांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या दिसतात आणि पूर्ण फोटो खऱ्यापेक्षा साधारण २० ते ३० टक्के मोठा येतो, तोही सगळीकडे सारखा नाही, म्हणून यावर पट्टी ठेवून माप घ्यायचं नसतं.

मग सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी. इम्प्लांट बसवायला हाड किती जाड आहे, अक्कलदाढेची मुळं नसेला चिकटलीत का, टाळूत अडकलेला सुळा नक्की कुठे आहे, रूट कॅनल करूनही दुखतंय तर एखादं कॅनल म्हणजे मुळातली नळी साफ करायची राहून गेलीय का, असे प्रश्न असतील तर हा. नुसतं "एकदा सगळं चेक करून टाकू" म्हणून थ्रीडी काढायचा नाही, स्पष्ट सांगतो. आणि तोंडात धातूच्या कॅप बऱ्याच असतील तर त्यांच्या आजूबाजूला पांढऱ्या काळ्या रेघा ओढल्यासारख्या येतात आणि नेमकं त्या दाताजवळचंच दिसत नाही.

आता किती दिवसांनी काढायचा. कॅलेंडर बघून नाही, तोंड बघून. आधी डॉक्टरांनी तपासायचं, मग ठरवायचं. तरी अंदाज हवा असेल तर अमेरिकेत २०१२ साली डेंटल असोसिएशन आणि तिथलं सरकारी औषध खातं यांनी मिळून जे सांगितलंय ते बऱ्याच ठिकाणी वापरतात. मोठ्या माणसाला कीड नसेल, धोकाही जास्त नसेल तर बाइटविंग २४ ते ३६ महिन्यांनी, कीड सतत होत असेल तर ६ ते १८ महिन्यांनी. मुलांचं थोडं लवकर, धोका कमी असेल तर १२ ते २४ महिने आणि जास्त असेल तर ६ ते १२. म्हणजे दात बरे असलेल्या मोठ्या माणसाला दर सहा महिन्यांनी सगळ्या दातांचे एक्सरे लागत नाहीत, आणि दर वेळी काढत असतील तर का काढताय असं शांतपणे विचारलं तरी चालतं. चांगला डॉक्टर कारण सांगतो, चिडत नाही.

किरणांची भीती किती धरायची

थोडी धरा, फार नको. आकडे सांगतो म्हणजे स्वतःच ठरवता येईल. काहीही न करता, नुसतं जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच, म्हणजे रोजचे साधारण ६ ते ७ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे अंगावर पडलेले किरण मोजायचं माप, एका मिलीत हजार मायक्रो). डिजिटल सेन्सरवर काढलेला एक छोटा एक्सरे १० मायक्रोसिव्हर्टच्या आत असतो, आणि किरणांची नळी गोल ऐवजी चौकोनी वापरली तर अजून बराच कमी. ओपीजी साधारण १० ते २५. म्हणजे एकदोन दिवस किंवा तीनचार दिवस नुसतं जगण्याएवढं. सीबीसीटीचं मात्र एक ठरलेलं उत्तर नाही, छोट्या भागाचा काढला तर दोन आकडी मायक्रोसिव्हर्ट आणि मोठ्या भागाचा काढला तर काहीशे, म्हणून तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: "जेवढ्या भागाचं काम आहे तेवढाच भाग घेताय ना?" एका दातासाठी अख्खं डोकं स्कॅन करायची गरज नसते.

ही भीती आली कुठून तेही ऐका, मजेशीर म्हणावं की वाईट कळत नाही. रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमधे जर्मनीत हे किरण शोधले आणि दोनतीन महिन्यांतच, १८९६ च्या सुरवातीला, ऑटो वॉल्कहॉफ नावाच्या जर्मन डेंटिस्टने स्वतःच्याच दाढांचा फोटो काढला, त्यासाठी तो २५ मिनिटं किरणांसमोर पडून होता. पंचवीस मिनिटं! आता सेकंदाचा काही भाग पुरतो. आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा डेंटिस्ट एडमंड केल्स, ज्याने दातांचे एक्सरे लोकांपर्यंत पोचवले, तो वर्षानुवर्षं फिल्म स्वतःच्या बोटांनी धरायचा, त्याची बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्याने स्वतःचा जीव घेतला. म्हणून आम्ही बटण दाबताना बाहेर जातो किंवा लांब उभे राहतो. पेशंटला वाटतं हा पळाला म्हणजे काहीतरी भयंकर आहे. तसं नाही हो, तुम्ही वर्षातून एकदा येता, आम्ही दिवसाला वीस काढतो, आणि दोन मीटर मागे सरकलं की किरण एवढे कमी होतात की रोजच्या रोज ते सरकणं आम्हाला परवडतं. याच कारणाने सेन्सर तोंडात कोणी हाताने धरून ठेवायचा नसतो. होल्डर असतो, तो वापरा म्हणा.

शिशाचा एप्रन नाही घातला म्हणून भांडणारे पण असतात. तर २०२४ मधे अमेरिकन डेंटल असोसिएशनने सांगितलं की आताच्या मशीनमधे एप्रन आणि गळ्याची कॉलर दोन्हीची गरज राहिलेली नाही, किरण अगदी नेमक्या जागी पडतात आणि ओपीजीमधे तर ती कॉलर मधे येऊन फोटो बिघडवते, मग परत काढा, म्हणजे वाचवायला गेलो आणि डबल झालं. काही ठिकाणचे नियम अजून एप्रन घालायलाच सांगतात. त्यामुळे घातला तर घाबरू नका आणि नाही घातला तरी घाबरू नका.

गरोदर असाल तर सांगायचंच, लपवायचं नाही, पण सांगितलं म्हणून एक्सरे बंद असंही नाही. दाढेत पस झालाय, ताप आहे, तर तो इन्फेक्शनचा त्रास एका छोट्या एक्सरेपेक्षा कितीतरी मोठा. किरण तोंडावर पडतात, पोट त्या रस्त्यातच येत नाही. तातडीचं नसेल ते नंतर काढता येतं, एवढाच फरक. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे, त्यांच्या शरीरावर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो, म्हणून मशीनवर लहान मुलाची सेटिंग लावलीय का हे आईबापांनी बिनधास्त विचारावं. आणि किरण अंगात साठून वगैरे राहत नाहीत, बटण सोडलं की संपलं, लाइट बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का?

मशीनसमोर

आधी तोंडाच्या आणि मानेच्या वरचं सगळं काढा. कानातलं, नाकातलं, गळ्यातलं, चष्मा, केसांच्या पिना, काढता येणारी कवळी, रिटेनर, कानाचं मशीन. छोट्या एक्सरेला कानातलं असलं तरी फारसं अडत नाही, चष्मा मात्र काढलेला बरा, पण ओपीजीला सगळंच काढायचं. का, तर ओपीजीत मशीन फिरत असतं त्यामुळे एका कानातल्या डुलाची सावली दुसऱ्या बाजूच्या जबड्यावर, थोडी वर आणि मोठी, धुरकट अशी उमटते, आम्ही तिला भूत म्हणतो. मी नवीन असताना एका बाईंना डूल काढायला सांगायचं विसरलो आणि फोटो आला तर नेमकं ज्या दाढेचं दुखणं होतं तिथेच भूत बसलेलं, परत काढावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत, पण परत चावायची पट्टी तोंडात घेताना त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

छोटा एक्सरे काढताना त्रास कशाचा होतो तर सेन्सरच्या कडेचा. तो वाकत नाही, जाड असतो आणि खालच्या बाजूला जिभेखालच्या नाजूक कातडीला टोचतो. इथे लोक जीभ ताठ करतात आणि मग अजून टोचतं. उलट करायचं, जीभ सैल सोडायची, एकदा थुंकी गिळून घ्यायची आणि हळूहळू चावत पट्टी बंद करायची, एकदम कचकन नाही. तोंडाचा खालचा भाग चावताना आपोआप मऊ पडतो आणि सेन्सरला जागा होते. तरी टोचत असेल तर हाताने खूण करा, सरकवता येतो तो. सहन करत बसलात आणि ऐन वेळी हललात तर फोटो गेलाच.

ज्यांना ओकारी येते त्यांच्यासाठी, आणि हे खूप जणांना होतं, लाजायचं कारण नाही, आधीच सांगून ठेवा. म्हणजे आम्ही पुढच्या दातांपासून सुरू करतो आणि वरच्या मागच्या दाढा शेवटी घेतो, कारण एकदा उबळ आली की मग पुढच्या प्रत्येक फोटोला येते. सगळी तयारी करून, मशीन जागेवर आणून, मग शेवटी सेन्सर तोंडात, असं करायला सांगा. नाकाने मोठे श्वास घ्या. एक पाय खुर्चीवरून जरासा उचलून धरा आणि सगळं लक्ष त्या पायात ठेवा, हसू नका, चालतं हे. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवल्यानेही काहींना फरक पडतो. इतकं करूनही नाही जमलं तर ओपीजीवर भागवता येतं का विचारा, काही मशीनमधे बाहेरूनच बाइटविंगसारखा फोटो काढायची सोय असते.

सेन्सरवर नवीन प्लास्टिकचं कव्हर चढवलंय का हे डोळ्यांनी बघा. तो सेन्सर बाकी हत्यारांसारखा वाफेच्या मशीनमधे घालता येत नाही, खराब होतो, म्हणून दर पेशंटला नवीन कव्हर आणि मधे पुसून घेणं हेच त्याचं शुद्धीकरण आहे. नसेल तर सांगा, यात संकोच कसला.

ओपीजीला उभं राहायचं, एक पाऊल पुढे, जणू पाठीमागून कोणी हलकेच ढकललंय तसं, मान सरळ लांब. पुढच्या चार दातांनी पट्टीवरच्या खाचेत चावायचं, वरचे आणि खालचे दोन्ही दात खाचेत. ओठ बंद. आणि जीभ पूर्ण टाळूला चिकटवून ठेवायची, ही गोष्ट सगळे विसरतात. नुसतं जिभेचं टोक लावतात. जीभ खाली राहिली की टाळू आणि जीभ यांच्यामधल्या हवेचा काळा पट्टा नेमका वरच्या दातांच्या मुळांवर येतो आणि डॉक्टरांना मुळंच दिसत नाहीत. सोपा उपाय म्हणजे एकदा गिळा आणि गिळताना जीभ जिथे वर जाते तिथेच ठेवा. मग १५ सेकंदांच्या आसपास मशीन फिरतं, खांद्याला घासून गेलं तरी दचकायचं नाही, आणि त्याच्याकडे बघत मान वळवायची नाही. हनुवटी जास्त खाली घातली तर फोटोत दातांची रांग फारच हसरी येते आणि वर केली तर रुसलेली, आम्ही नुसतं बघूनच सांगतो पेशंट कसा उभा होता.

फोटो समोर आल्यावर

सगळ्यात आधी बाजू. फोटोत तुमची उजवी बाजू डावीकडे असते, कोणीतरी तुमच्यासमोर उभं राहून तुमच्याकडे बघतंय असं धरा. मग रिपोर्टवर ३६ किंवा ४८ असे आकडे असतात, ते दातांची संख्या नाही. पहिला आकडा कोपरा सांगतो, १ म्हणजे वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा, आणि दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजत किती नंबरचा ते. म्हणजे ३६ ही खालची डावी सहा नंबरची दाढ आणि ४८ ही खालची उजवी अक्कलदाढ. दुधाच्या दातांना ५ ते ८ असे कोपरे. काही देशांत सरळ १ ते ३२ मोजतात, तिथे हीच ३६ नंबरची दाढ १९ होते, त्यामुळे परदेशातले जुने कागद असतील तर जपून.

आता एक दात निवडा आणि बाहेरून आत जा. सगळ्यात वरचं चकचकीत पांढरं कवच ते इनॅमल. त्याच्या आत किंचित राखाडी डेंटिन. मधे काळी पोकळी, तिथे नस असते, ती मुळातून बारीक होत खाली जाते. चांदी भरलेली किंवा धातूची कॅप असेल तर ती एकदम पांढरीफटक. मुळाभोवती एक केसाएवढी काळी रेघ आणि तिच्या बाहेर पांढरी रेघ, या दोन्ही रेघा मुळाला वळसा घालून अखंड जात असतील तर बहुतेक वेळा बरं चाललंय. मुळाच्या टोकाशी ती काळी रेघ फुगलेली असेल किंवा तिथे गोल काळा डाग असेल तर तिथे इन्फेक्शनने हाड खाल्लंय असा संशय घेतात. दोन दातांमधलं हाड दाताच्या मानेच्या (इनॅमल संपतं ती जागा) साधारण २ मिलीमीटर खाली असायला हवं, त्यापेक्षा बरंच खाली असेल तर हिरड्यांचं दुखणं जुनं आहे.

आणि इथेच गूगल करून लोक स्वतःला घाबरवून घेतात, कारण प्रत्येक काळा डाग म्हणजे रोग नसतो. खालच्या सुळ्यामागच्या दातांच्या मुळाशी एक गोल काळं भोक दिसतं, ते हाडातलं नस बाहेर यायचं नैसर्गिक भोक आहे, ते एखाद्या मुळाच्या टोकावरच पडलं की हुबेहूब गळूसारखं दिसतं. वरच्या दाढांवर मोठा काळा ढग असतो तो सायनस, तिथे हवाच असते. दाताच्या मानेशी दोन्ही बाजूंना काळपट सावली येते, इनॅमल संपतं आणि हाड सुरू व्हायचं असतं त्या मधल्या पट्ट्यात, ती कीड नसून नुसता भास असू शकतो. आणि आठनऊ वर्षांच्या मुलाच्या नवीन दाताचं मूळ टोकाशी उघडं आणि काळं दिसतं कारण ते अजून तयार होतंय.

याच्या उलटपण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. एक्सरे स्वच्छ म्हणजे दात स्वच्छ असं नाही. मुळाखालच्या हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय ते साध्या एक्सरेत नीट दिसतच नाही, म्हणून काल रात्री सुरू झालेल्या ठणक्याचा आज काढलेला फोटो बरेचदा निर्दोष येतो. कीड प्रत्यक्षात असते त्यापेक्षा फोटोत कमी दिसते. चावायच्या पृष्ठभागावरची सुरवातीची कीड तर दिसतच नाही कारण वर दोन्ही बाजूंच्या इनॅमलची जाड सावली पडते. नस जिवंत आहे की मेली हे एक्सरे सांगत नाही, त्यासाठी थंड लावून बघतात. आणि तडा! दाढेला गेलेला तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि किरण गालाकडून येतात, त्यामुळे तो फोटोत सापडतच नाही. एका माणसाचे महिनाभरात चार एक्सरे झाले होते, चारही छान, आणि तो बिचारा घरच्यांना पटवून थकला होता की मला खरंच दुखतं. शेवटी डॉक्टरांनी दाढेच्या एकेका उंचवट्यावर काडी ठेवून चावायला लावलं, चावताना काही नाही पण सोडताना तो जो ओरडला, तेव्हा कळलं तडा आहे. म्हणून नुसता फोटो बघून "काही नाही, जा" म्हणाले तर "मग हे दुखणं कशाचं, अजून काय तपासता येईल?" हे विचारायचं.

हल्ली स्क्रीनवर सॉफ्टवेअर आपोआप किडीभोवती लाल चौकोन काढून दाखवतं. बघायला छान आहे, चुकून नजरेतून सुटलेलं दाखवतंही, पण तो चौकोन म्हणजे निदान नाही. चौकोन दाखवून पाच फिलिंग सांगितली तर प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा की ही कीड इनॅमलमधेच आहे की डेंटिनपर्यंत गेलीय. इनॅमलमधेच असेल तर बरेचदा फ्लोराइड लावून, फट साफ ठेवून थांबून बघता येतं.

रूट कॅनल चालू असताना तीनचार एक्सरे का काढतात हा नेहमीचा वैतागाचा विषय. एक आधीचा, मुळं किती आणि कशी वाकलीत ते बघायला. मग आत फाइल म्हणजे सुईसारखं बारीक हत्यार घालून एक, ती टोकापर्यंत पोचली का बघायला, हल्ली हे मोजायला इलेक्ट्रॉनिक मशीन असतं त्यामुळे कधीकधी हा वाचतो. मग भरायच्या आधी आणि भरून झाल्यावर. शेवटचा कधीच सोडू नका, कारण वर्षभराने "हाड भरून आलं का" बघायला तोच लागतो. कधीकधी मशीन जरा तिरकं करून दुसरा फोटो काढतात, त्याचं कारण एकामागे एक असलेली दोन कॅनल समोरून एकच दिसतात, बाजूला सरकून बघितलं की वेगळी होतात. खांबामागे उभा माणूस बघायला आपण नाही का मान वाकडी करत.

अक्कलदाढेच्या ओपीजीत एक गोष्ट स्वतःही बघता येते. खालच्या जबड्यात दोन समांतर पांढऱ्या रेघा जातात, त्यांच्या मधून ओठाची नस जाते. मूळ जिथे त्या रेघांवर येतं तिथे पांढरी रेघ तुटली असेल, मूळ काळपट झालं असेल किंवा रेघांनी वळण घेतलं असेल तर दाढ काढताना नसेला धक्का लागायची शक्यता जास्त, आणि नंतर ओठ बधिर राहू शकतो. तेव्हा थ्रीडी सांगितला तर तो उगाच नाही, काढून घ्या.

फाइल जपून ठेवा

कागदावरची प्रिंट किंवा मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो, दोन्ही पुढच्या डॉक्टरला जवळपास निरुपयोगी. त्यात स्क्रीनचा उजेड आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं आणि बारीक काळ्या रेघा मरतात. मूळ फाइल मागा, ईमेलवर. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान करतं. थ्रीडी असेल तर डायकॉम म्हणजे स्कॅनची मूळ फाइल मागायची, नुसते चार स्क्रीनशॉट घेऊन यायचं नाही, कारण पुढच्या डॉक्टरला त्याच्या कोनातून कापून बघायचं असतं.

नाव देताना तारीख, दाताचा नंबर आणि कशासाठी एवढं लिहा, "३६ रूट कॅनलच्या आधी" असं. नवीन डॉक्टरकडे गेलात तर खुर्चीत बसायच्या आधी या फाइल्स द्या, निम्म्या वेळा नवीन एक्सरेची गरजच पडत नाही. आणि जुना नवीन शेजारी ठेवून "डाग कमी झालाय" किंवा "वाढलाय" असं कोणी म्हणालं तर दोन्ही फोटो सारख्याच कोनातून आलेत का ते विचारा, शेजारच्या दाताची लांबी दोन्हीकडे सारखी दिसतेय का एवढं बघितलं तरी अंदाज येतो, कारण मशीन थोडं वरखाली झालं तरी तोच डाग लहानमोठा दिसतो.